शांतता : उपलब्ध (दुसरा मजला)

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात दुपारी दोन ते सव्वादोन या वेळात शांतता असते, ही गोष्ट बरेच दिवस बाहेर फुटली नव्हती.

दोन वाजता टकळी झोपायची आणि सव्वादोनला उठायची. टकळी म्हणजे त्या घरातली साडेतीन वर्षांची मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं. पण डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत पोरीच्या तोंडाची टकळी थांबत नाही, म्हणून तिच्या आजीनंच हे नाव पाडलं आणि ते इमारतभर झालं. मुंगीला जेवायला कोण वाढतं, चपलांना अंधारात भीती वाटते का, बाबांचं पोट बाबांच्या आधी दारातून आत का येतं, अशा प्रश्नांना उत्तरं देण्याचं काम आईकडे होतं. काम पूर्णवेळ होतं, त्यात रजा नव्हती. पंधरा मिनिटं तेवढी होती.

त्या पंधरा मिनिटांत काय करावं, याचा टकळीच्या आईनं पुष्कळ विचार केला होता. बहुतेक दिवशी विचार करण्यातच बारा मिनिटं जायची.

एकदा दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघताना जुन्या मासिकात तिला जपानी बागेचं चित्र दिसलं. पांढरी खडी, खडीवर फणीनं ओढल्यासारख्या रेघा, तीन दगड, कडेला चिमूटभर शेवाळ. बस्स. बागेत झाड नव्हतं, फूल नव्हतं आणि मुख्य म्हणजे माणूस नव्हता. त्या चित्रात कुणीही ‘आई, इकडे बघ ना’ असं म्हणत नव्हतं. खाली लिहिलं होतं, की रोज थोडा वेळ खडीवर रेघा ओढल्यानं मन निवतं. टकळी त्या वेळी शेजारच्या आजोबांना, तुमचे सगळे दात तुमचेच आहेत का, हे विचारत होती.

आठवड्याभरात बाल्कनीत बाग झाली. टकळी तान्ही असताना तिला अंघोळ घालायचा निळा प्लास्टिकचा टब तळाला चीर जाऊन माळ्यावर पडला होता, तो खाली आला. माशांच्या काचेच्या पेटीत घालतात ती बारीक पांढरी खडी आली. दगड रस्त्यावरचे. शेवाळ पाण्याच्या टाकीखालून खरवडलेलं. आणि रेघा ओढायला चार दात पडलेली लाकडी फणी.

“पण अगं, यात करायचं काय?” टकळीच्या बाबांनी विचारलं.

“रेघा ओढायच्या.”

“मग?”

“मग पुसायच्या.”

“मग?”

“परत ओढायच्या.”

“म्हणजे आमच्या ऑफिससारखंच की,” ते म्हणाले, आणि त्यांचा विरोध तिथेच मावळला.

सासूबाई बराच वेळ टबाकडे बघत उभ्या राहिल्या. “दगडांना पाणी घालायचं का गं?”

“नाही, आई.”

“मग वाढणार कसे? असो. आमच्या वेळी तीन दगड मांडले की चूल व्हायची. आता शांतता होते म्हणतात. होऊ दे बाई.”

पहिल्या दुपारी टकळीच्या आईनं अकरा मिनिटं रेघा ओढल्या. पहिल्या दगडाला वळसा, दुसऱ्याला वळसा, तिसऱ्याशी जरा थांबून पुन्हा सरळ. खांद्यांत इतके दिवस कुणीतरी गाठ मारून ठेवली होती, ती आपोआप सैल झाली. मग मागून आवाज आला, “आई, हा माझा टब आहे ना?”

“होता हं राणी. आता त्याला हात नाही लावायचा.”

टकळीनं थोडा विचार केला आणि आपलं पिवळं बदक आणून बरोबर मधल्या दगडावर बसवलं. आईनं ते उचललं, खडी सारखी केली आणि बदक फळीवर ठेवलं. टकळीचा हात पोचणार नाही अशा फळीवर. तेव्हा तिला यात काही वावगं वाटलं नाही.

आता इमारतीचा एक नियम होता. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांखेरीज काहीही ठेवलं, तर त्याची नोंद करावी लागे. ती करायला सचिव रोज सकाळी मान वर करून इमारतीभोवती एक फेरी मारत. बगलेत थर्मामीटर धरावा तसं त्यांचं रजिस्टर कायम बगलेत असे.

“वहिनी, बाल्कनीत काय आलंय नवीन?”

“बाग आहे.”

“झाडं दिसत नाहीत.”

“त्यात झाडं नसतात. जपानी आहे.”

सचिवांनी लिहिलं : बाग (झाडे वगळून). मग ते अडले. “प्रकार काय लिहू? आमच्याकडे चारच आहेत. कुंडी, सायकल, पाळीव प्राणी, भंगार.”

“यातलं काहीच नाही.”

“खडी आहे, दगड आहेत. म्हणजे बांधकाम साहित्य. ते आठ दिवसांच्या वर राहिलं, तर बांधकाम चालू आहे असं धरतात. चालू बांधकाम तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं. पूर्ण झालं, की बेकायदा म्हणून पाडावं लागतं.”

“अहो, टब आहे तो!”

“टब असो नाहीतर ताजमहाल असो, वहिनी. नियमाला डोळे नसतात. तुम्ही असं करा, ‘इतर’चा अर्ज भरा. चौथ्या रकान्यात उद्देश लिहा. मात्र खरा लिहा.”

टकळीच्या आईनं खरा लिहिला. उद्देश : शांतता.

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अकरा वर्षांत त्या रकान्यात लोकांनी ‘वापर’ लिहिलं होतं, ‘शोभा’ लिहिलं होतं, एकानं ‘सासऱ्यांचा हट्ट’ असंही लिहिलं होतं. शांतता कुणी लिहिली नव्हती. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तुमच्याकडे आहे? खरंच?”

“रोज दोन ते सव्वादोन.”

ते वळले आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

त्यांची घाई समजण्यासारखी होती. इमारत बांधली तेव्हा माहितीपत्रकात तीन गोष्टींचं वचन होतं : लिफ्ट, चोवीस तास पाणी आणि शांत वातावरण. लिफ्ट आली. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं. शांततेपुढे मात्र वार्षिक अहवालात दरवर्षी ‘प्रलंबित’ असं छापून येई. अकरा वर्षांचा हा डाग पुसायची संधी आयती चालून आली होती. संध्याकाळी लिफ्टशेजारी सूचना लागली :

‘सर्व सभासदांस कळविण्यात आनंद होतो की, आपल्या इमारतीस शांतता प्राप्त झाली असून ती तूर्त दुसऱ्या मजल्यावर ठेवण्यात आली आहे. सभासदांनी नेमून दिलेल्या पाळीत प्रत्येकी पाच मिनिटे लाभ घ्यावा. फणी सोबत नेऊ नये.’

टकळीची आई तशीच ओल्या हातानं सचिवांकडे गेली. “अहो, ती आमची बाल्कनी आहे!”

“बाल्कनी तुमचीच. नाही कोण म्हणतंय? शांतता सामायिक आहे. आता जिना तुमच्या दारासमोर आहे, म्हणून तो तुमचा होतो का?”

“आणि माझी पाळी कधी?”

सचिवांनी यादी पाहिली. “गुरुवार. पाच पंचावन्न. तुमच्याच घरात आहे म्हणून शेवटची ठेवली. तुम्हाला यायला वेळ लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बेल वाजली. मग दोन पाचला, मग दोन दहाला. दर पाच मिनिटांनी एक माणूस शांततेसाठी यायचा आणि शांत झालेला एक जायचा. पाळीची वाट बघणारे दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून, आत गेलेला माणूस जास्त वेळ कसा घेतोय, यावर बोलायचे. दोघीतिघी तर आल्या आल्या ‘घर छोटं आहे नाही?’ म्हणायच्या. वही आली, वहीला दोरी बांधलेलं पेन आलं. दाराशी चपलांचा ढीग झाला. पाचव्या मजल्यावरचे विमावाले दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून गेले, आणि त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत त्या दिवसाची शांतता साडेसातपर्यंत लांबली.

ही आत-बाहेर बघायला शिस्त हवी, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांची शांतता निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांनी बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकली आणि कपाटातली शाळेच्या कवायतीची शिट्टी काढली. पाच मिनिटं संपली की एक शिट्टी. कुणी कुजबुजलं तर दोन. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना शिट्टीनं दचकून रेघ वाकडी गेल्याची तक्रार करायची होती, पण तक्रार तोंडी केली म्हणून त्यांच्यावर दोन शिट्ट्या झाल्या.

एवढ्या सगळ्यात टकळी झोपणार कशी? ती जागी राहिली. जागी राहिली, म्हणून बोलली. आणि बोलायला आता तिला घरबसल्या रोज अठ्ठेचाळीस माणसं मिळत होती. अभिप्रायाची वही भरू लागली :

‘रेघा सुबक. मूल बोलते.’

‘दगड उत्तम. मुलीने माझे वय विचारले.’

‘पाचपैकी चार मिनिटे बदकाची गोष्ट ऐकावी लागली. शेवट कळला नाही, कारण शिट्टी झाली.’

बावीस तक्रारी झाल्यावर तातडीची सभा बोलवली गेली. विषय शांततेचा असल्यानं ती शांतता जिथे होती तिथेच, म्हणजे टकळीच्याच दिवाणखान्यात भरली. दोन तास चालली. तीन खुर्च्या आपटल्या गेल्या, एक मोडली, आणि पाचव्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी गळ्याच्या शिरा ताणून सांगितलं की, या घरातल्या आवाजानं त्यांच्या कानाला त्रास होतो. शेवटी सचिवांनी ठराव वाचला : ‘सदर मूल हे शांतताबाधक घटक असल्याचे निदर्शनास आले असून, वय वर्षे तीन...’

“साडेतीन,” बाबा म्हणाले.

सचिवांनी दुरुस्ती केली आणि टकळीच्या बाबांचे सहकार्याबद्दल आभार मानले.

“काही काळजी करू नका,” हेडमास्तर म्हणाले. “चाळीस वर्षं मी वर्ग गप्प केलेत. ही तर एकटीच आहे. पालकांची फक्त सही लागेल.”

“सूनबाई, सही कसली करतेस?” स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. “पोर आहे की रेडिओ?”

टकळीची आई सहा दिवसांत दुपारची बसली नव्हती. तिच्या कानात शिट्टी वाजत होती, आणि कमरेला धरून टकळी विचारत होती, “आई, बाधक म्हणजे काय? आई, मी आहे का ते? आई?” चार दिवस जरा कमी बोलली तर काय बिघडणार आहे, असं तिच्या मनात आलं. इतकंच आलं. तिनं सही केली.

हेडमास्तर हाडाचे मास्तर होते. हाताची घडी, तोंडावर बोट. तासभर गप्प बसलं की मनगटावर चांदणीचं एक स्टिकर. पोर हुशार. पहिल्या दिवशी एक चांदणी, चौथ्या दिवशी कोपरापर्यंत आकाश. संध्याकाळी माणसं गेली की ती आईजवळ यायची आणि तोंडावरच्या बोटाआडून विचारायची, “आई, आता बोट काढू?” पुढच्या आठवड्यात तिनं विचारायचंही सोडून दिलं.

इमारतीत आनंदीआनंद झाला. ‘काय गुणी झालीय हो तुमची मुलगी!’ असं लोक जिन्यात थांबून सांगू लागले. टकळीच्या आईनंही पहिले दोन दिवस थोडं सुख भोगलं. पोळ्या लाटताना हाताला हात लागत नव्हता, फोनवर बोलताना पदर कुणी ओढत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओट्यामागच्या भिंतीवरून एक मुंगी साखरेचा कण घेऊन गेली. टकळीनं ती बघितली. आईनं टकळीकडे बघितलं आणि लाटणं थांबवून वाट पाहिली. मुंगी भिंत चढली, खिडकी ओलांडली आणि बाहेर गेली. तिला जेवायला कोण वाढतं, हे कुणीच विचारलं नाही.

“काय गं टकळे, मुंगी बघितलीस?”

टकळीनं मान हलवली.

“कुठे गेली असेल?”

टकळीनं खांदे उडवले. आणि मग हसून हात पुढे केला. चांदणीसाठी.

सहीला पंधरा दिवस झाले, त्या गुरुवारी तपासणी होती. सचिवांनी वरच्या कार्यालयात अर्ज करून ‘शांत इमारत’ प्रमाणपत्रासाठी पथक बोलावलं होतं. तीन अधिकारी आले, त्यांतल्या एकाच्या हातात आवाज मोजायचं यंत्र. तिसापेक्षा कमी भरलं तर प्रमाणपत्र. सगळी इमारत पायमोज्यांत दिवाणखान्यात उभी. पंखा बंद, फ्रीज बंद, घड्याळाचा सेल काढलेला. विमावाल्यांना शिंक आली तर त्यांना जिन्यातून थेट गच्चीवर न्यायला दोन माणसं नेमलेली. यंत्रानं बावीस दाखवले. सचिवांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

मोठे अधिकारी टकळीसमोर वाकले. “बाळ, नाव काय तुझं?”

टकळीनं आधी हेडमास्तरांकडे पाहिलं. मग हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि ताठ उभी राहिली.

“वा!” अधिकारी कुजबुजले. “आदर्श! असं एक मूल प्रत्येक इमारतीत पाहिजे.” आणि त्यांनी कागदावर आणखी काहीतरी लिहिलं.

घड्याळ बंद होतं, पण टकळीच्या आईला वेळ बरोबर कळली. पाच पंचावन्न. तिची पाळी.

तिनं फळीवरचं बदक काढलं, टकळीला कडेवर घेतलं, हेडमास्तरांच्या खुर्चीला वळसा घालून बाल्कनीत गेली आणि पोरीला टबाच्या मधोमध उभं केलं. खडी कुरकुरली. यंत्राचा काटा चाळीसवर गेला.

“वहिनी!” सचिव ओठांतल्या ओठांत किंचाळले. हेडमास्तरांनी सवयीनं शिट्टी फुंकली, आणि काटा ब्याण्णववर गेला. तपासणीच्या अहवालात त्या दिवसाचा सर्वांत मोठा आवाज म्हणून शांतता निरीक्षकांचीच नोंद आहे.

आईनं टकळीच्या ओठांवरचं बोट हलकेच काढून आपल्या मुठीत धरलं. “बोल गं बाई माझी.”

टकळी बोलली नाही. तिनं मास्तरांकडे बघितलं, आईकडे बघितलं, पायाखालच्या मोडलेल्या रेघांकडे बघितलं. कुणी श्वास सोडला नाही. यंत्राचा काटा खाली खाली येत नऊवर टेकला. नोकरीत एवढी शांतता पाहिली नव्हती, असं अधिकारी नंतर म्हणाले. टकळीच्या आईला मात्र ती सोसवेना. जपानी बागेच्या चित्रात जे मिळेलसं वाटलं होतं ते नेमकं हेच होतं, आणि ते तिच्या घरात अगदी काठोकाठ भरलं होतं.

“आई,” टकळी म्हणाली. आवाज गंजल्यासारखा आला. “हा माझा टब आहे ना?”

“हो.”

“मग बदकाला पाणी कुठाय?”

सासूबाईंनी तांब्या आणलाच होता. त्या म्हणाल्या, “दगडांना नाही, निदान बदकाला तरी घालू दे.” त्यांनी पाणी ओतलं, आणि साठलेलं सगळं बाहेर आलं. बदक इतके दिवस फळीवर का होतं, त्याला तिथून खाली दिसत होतं का, मास्तरांना शिट्टी कुणी दिली, सगळ्यांच्या पायमोज्यांना एकेक भोक का आहे, आणि काका, तुमच्या यंत्राला भूक लागते का? अधिकारी ‘सेल लागतात’ म्हणाले आणि तिथेच फसले. पुढची चाळीस मिनिटं त्यांना निघता आलं नाही.

प्रमाणपत्र अर्थातच मिळालं नाही. वार्षिक अहवालात शांततेपुढे पुन्हा ‘प्रलंबित’ छापून आलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना जरा हायसं वाटलं, कारण मिळालेली शांतता सांभाळायला माणसं फार लागत होती. टबाच्या चिरेतून पाणी झिरपून खाली हेडमास्तरांच्या बाल्कनीत शेवाळ धरलं आहे. बागेत होतं त्याहून ते हिरवं आहे. तक्रार करायला ते वर येतात, आणि बदकाच्या गोष्टीचा शेवट ऐकून जातात. शेवट रोज वेगळा असतो.

अभिप्रायाची वही तेवढी अजून दाराशी टांगलेली आहे. घर क्रमांक, शांततेत घालवलेली मिनिटं, अभिप्राय आणि सही, असे तिच्यात चार रकाने होते. टकळीच्या आईनं पट्टी घेऊन पाचवा आखला : ‘तेवढ्या वेळात गप्प कोण बसलं?’ आणि पहिली नोंद स्वतःचीच केली. पंधरा दिवस, स्वतःची सही, आणि पाचव्या रकान्यात एकच शब्द : टकळी. तिच्यानंतर त्या वहीत कुणी काही लिहिलेलं नाही. सचिव म्हणतात, पेन चालत नाही. पेन उत्तम चालतं.

आपण ही गोष्ट इथवर निवांत वाचलीत, मध्ये कुणी आलं नाही, कुणी हाका मारल्या नाहीत, ही समाधानाची बाब आहे. आपली साधारण पंधरा मिनिटं झाली. वही दाराशीच आहे. सही करून मग जावं, आणि पाचवा रकाना कोरा सोडू नये.